बाळ आप्पांकडे टक लावून बघतं, माझ्याकडे मात्र कपाळाच्या कडेला! असं का?

शेगडीपाशी

रात्रीचे पावणेतीन वाजलेत, खोलीत अंधार. मी माहेरी, मिरजेला. लेक आज सतरा दिवसांची झाली. पाजता पाजता एका अंगठ्याने टाइप करतेय, शुद्धलेखन सांभाळून घ्या.

हिला चेहरे आवडतात असं घरातले सगळे म्हणतात आणि ते खरंही दिसतंय. पाळण्यावर मावशीने आणलेलं रंगीत चिमणाळं टांगलंय, त्याच्याकडे ही ढुंकूनही बघत नाही. आप्पांनी उचललं की मात्र रडणं जागच्या जागी बंद. डोळे मोठ्ठे करून बघत बसते. परवा मी घड्याळ लावलं, चार मिनिटं! आप्पा म्हणजे माझे वडील. डोक्यावर एक केस नाही, काळ्या जाड फ्रेमचा चष्मा (फ्रेम नोकरीला लागल्यापासून तीच, काचा बदलत आल्या), आणि आवाज असा की ते आमच्याशी बोलले तरी शेजारचे ‘ओ’ देतात.

माझ्याकडेही बघते, पण डोळ्यांत नाही. कपाळावर, जिथे फडकं सुरू होतं तिथे. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून आईने कानांवरून डोक्याला पांढरं सुती फडकं गच्च बांधलंय. सव्वा महिना सोडायचं नाही असा हुकूम आहे. नवरा शनिवारी पुण्याहून येऊन गेला, त्याच्या तोंडाकडेही तिने बऱ्यापैकी बघितलं. नऊ महिने पोटात ठेवलं ती मी, आणि माझ्या वाट्याला फडक्याची कड.

आई म्हणते, झोपेत हसते ती सटवाई हसवते आणि जागेपणी बघते ते मागच्या जन्मीची माणसं शोधते. आप्पा तिचे मागच्या जन्मी कोण होते ते अजून ठरलेलं नाही, आत्याबाईंशी फोनवर चर्चा चालू आहे. मी अकरावी-बारावीच्या फिजिक्स लॅबमध्ये सहायक आहे, त्यामुळे हे उत्तर जर्नलमध्ये लिहून घेता येत नाही.

तर प्रश्न असा. जिने जन्मात आरसा पाहिलेला नाही, तिला समोरची वस्तू म्हणजे चेहरा हे कळतं कसं? आणि कळत असेल तर माझ्याच चेहऱ्याने काय घोडं मारलंय?

निवृत्त सिस्टर

पोरी, आधी झोप. मग वाच.

प्रसूती विभागात एकतीस वर्षं काढली. बाळ पुसून आईच्या छातीवर ठेवलं की पहिला तासभर बरीच बाळं टक्क जागी असतात. त्यानंतर जी झोपतात ती दिवसभर. त्या तासात दिव्याचा झोत जरा बाजूला वळवला की डोळे उघडतात आणि सरळ माणसाच्या तोंडाकडे वळतात. आम्ही सगळ्याजणी मास्कमध्ये, टोपी भुवयांपर्यंत. दिसणार काय, तर दोन डोळे. बाळं तेवढ्यावरही बघायची. एकदा एकाने माझ्याकडे असं रोखून बघितलं की मीच ओशाळले, कारण दोनच मिनिटांपूर्वी त्याच्या आईवर मी आवाज चढवला होता.

किती अंतरावर धरतेस तिला? या वयात वीस ते तीस सेंटिमीटरवरचंच काय ते जरा बरं दिसतं. पाजताना आईचं तोंड साधारण तेवढ्यावरच येतं. चिमणाळं पाळण्याच्या दांडीला टांगलं असेल तर ते त्याच्या दुप्पट लांब, तिच्या लेखी ढगात. आप्पा तिला कसे धरतात ते बघ. म्हातारी माणसं बाळाला तोंडाजवळ आणून बोलतात, तुम्ही मुली मांडीवर ठेवून फोन बघता. रागावू नकोस, माझी सूनही तेच करते.

आणि काजळ घालत असाल तर आजपासून बंद. हौस असेल तर तू स्वतःच्या डोळ्यांत घाल. तिला तुझे डोळे दिसायला उपयोगही होईल.

पाटी-पेन्सिल

सिस्टर, शेवटचं वाक्य तुम्ही गमतीत लिहिलं असेल, पण त्यावर कोणीतरी प्रयोग करून ठेवलाय असं म्हटलं तरी चालेल. त्यावर येते.

शेगडीपाशी, उत्तराचे तुकडे तुझ्याच प्रश्नात पडले आहेत: फडकं, अंधारातला फोन, आप्पांचा चष्मा आणि आप्पांचा आवाज. मी कॉलेजात बालविकास शिकवते, तास भरल्याशिवाय थांबता येत नाही, तेव्हा डिंकाचा लाडू घेऊन बस.

तुझ्यासारखंच घड्याळ लावून बसलेला एक बाप होता, चार्ल्स डार्विन. मुलाबद्दलच्या त्याच्या नोंदी १८७७ साली छापून आल्या. नवव्या दिवशी पोराची नजर मेणबत्तीवर ठरली, पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत दुसऱ्या कशावरच तशी ठरेना आणि एकोणपन्नासाव्या दिवशी रंगीत गोंड्यावर गेली, असं त्यात आहे. एवढा बारीक नजरेचा माणूस, पण त्या दीड महिन्याच्या हिशेबात चेहरा नाही. मेणबत्ती स्थिर असते आणि बाळ तिच्याकडे बघतंय हे लांबूनही कळतं. चेहऱ्याचं तसं नाही. तुमच्याकडे बघतंय की तुमच्या मागच्या खिडकीकडे, कसं ठरवणार?

ते ठरवायची युक्ती क्लीव्हलँडच्या रॉबर्ट फान्ट्झने काढली. हा गृहस्थ आधी कोंबडीची पिलं फुटल्याफुटल्या कशावर चोच मारतात ते मोजायचा. मग त्याने बाळांसाठी पेटी केली. बाळ आत उताणं, वर चित्र, चित्राशेजारी भोक. भोकातून बघणाऱ्याने बाळाच्या बुबुळात काय उमटलंय ते पाहायचं आणि किती वेळ ते मोजायचं. लॅबवाल्यांनी नोंद घ्यावी, उपकरण एवढंच. १९६३ साली त्याने पाच दिवसांच्या आतल्या अठरा बाळांना सहा चकत्या दाखवल्या: एक चेहऱ्याची, एक गोलात गोल असलेली, एक छापील कागदाची आणि बाकी तीन नुसत्या रंगाच्या. चेहऱ्याकडे सगळ्यांत जास्त वेळ गेला, कोऱ्या चकत्यांना कुणी फारसं विचारलं नाही. बाळांना भडक रंग हवेत ही खेळण्यांच्या दुकानातली समजूत.

पण यावरून ‘चेहरा’ सिद्ध होत नाही. चेहऱ्यात बारकावे जास्त असतात, बाळाला कदाचित बारकावेच आवडत असतील. म्हणून १९७५ साली गोरेन आणि तिच्या सहकाऱ्यांनी चाळीस नवजात बाळांपुढे चार चित्रं एकेक करून हळूहळू बाजूला सरकवली. एक नीट चेहरा, दोन विस्कटलेले (नाक-डोळे तेच, जागा भलत्याच) आणि एक कोरं. बाळांनी मान आणि डोळे सर्वांत जास्त वळवले ते नीट चेहऱ्यामागे. या बाळांचं वय साधारण नऊ मिनिटं होतं. नऊ दिवस वाचलंस तर पुन्हा वाच. पुष्कळांचा विश्वास बसला नाही. मग मार्क जॉन्सन, जॉन मॉर्टन वगैरे मंडळींनी ते पुन्हा करून पाहिलं आणि १९९१ साली छापलं: बाळं पहिल्या तासातली, निकाल बराचसा तोच. वर एक विचित्र गोष्टही सापडली. चेहऱ्यामागे मान वळवण्याची ही ओढ चार ते सहा आठवड्यांच्या दरम्यान ओसरते. पुढे बाळ पुन्हा चेहऱ्यांकडे बघतं, पण ते बघणं वेगळं.

इथे परत कोंबडी येते. जॉन्सन केंब्रिजला पिलांवर काम केलेला माणूस. पिलू अंड्यातून बाहेर आल्यावर जे हलतं त्याच्यामागे जायला शिकतं, हे आपल्याला माहीत असतं. पण अंधारात वाढवलेल्या पिलांपुढे पेंढा भरलेली रानकोंबडी आणि लाल खोका ठेवला तर ती कोंबडीकडेच जास्त जातात, कोंबडी कधीही न बघता. आणि मेंदूचा जो भाग शिकण्याचं काम करतो तो निकामी केला तरी ही ओढ राहते, फक्त ‘हीच माझी आई’ हे शिकता येत नाही. म्हणजे कामं दोन. एक, सोबत आणलेलं ढोबळ काम: डोकं-मान असलेल्या वस्तूकडे वळ. दुसरं, वळल्यावर समोर दिसेल ते शिक. जॉन्सन आणि मॉर्टन यांनी माणसाच्या बाळालाही हाच हिशेब लावला. पहिलं काम मेंदूच्या खालच्या, जुन्या भागांवर चालतं, दुसरं हळूहळू वरचा मेंदू हातात घेतो. सहा आठवड्यांच्या सुमारास पहिली ओढ ओसरते ती या बदलीच्या काळात, असं त्यांचं म्हणणं.

आता ‘ढोबळ’ म्हणजे किती ढोबळ? मी वर्गात पांढरी कागदी ताटली आणि काळ्या टिकल्यांचं पाकीट घेऊन जाते. दोन टिकल्या वर, एक खाली मध्यावर. झाला चेहरा. ताटली उलटी केली की गेला. इटलीत पादुआला फ्रान्चेस्का सिमिओन आणि तिच्याबरोबरच्या मंडळींनी अशाच चित्रांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांना असं दिसलं की नवजात बाळाला टिकल्या अगदी डोळ्यांच्या जागी असण्याचीही गरज नसते. बाह्यरेषेच्या आत वरच्या अर्ध्यात ऐवज जास्त, खालच्या अर्ध्यात कमी, एवढं पुरतं. खऱ्या चेहऱ्याच्या फोटोत नाक-डोळे विस्कटून टाकले, पण ऐवज वर जास्त ठेवला, तर बाळं दोन्ही फोटोंकडे सारखीच बघतात.

सिस्टरांचं काजळ इथे. तेरेझा फारोनी आणि सहकाऱ्यांनी २००५ साली रंग उलटे केले, काळ्या ताटलीवर पांढरे ठिपके. ओढ गेली. मग त्या पांढऱ्या ठिपक्यांच्या आत छोटे काळे ठिपके बसवले. ओढ परत आली. पांढऱ्यात काळं, म्हणजे डोळे. आणि त्याच अभ्यासात खऱ्या चेहऱ्यांचे फोटोही होते. वरून उजेड पडलेला चेहरा बाळांना सुलट हवा होता. खालून उजेड पडलेला असेल तर सुलट काय नि उलट काय, त्यांना फरक पडला नाही.

आता सांग, रात्री पावणेतीनला, खोलीत अंधार, हातात फोन, उजेड हनुवटीखालून. लहानपणी बॅटरी अशीच हनुवटीखाली धरून आपण भावंडांना घाबरवायचो. लेकीला भीती वाटत नसेल, पण तिच्या हिशेबात तो चेहराच बसत नसेल. आप्पा? टक्कल, त्यावर दिवसाउजेडी वरून पडलेला प्रकाश, आणि वरच्या अर्ध्यात दोन काळ्या चौकटी. ते तर चालतंबोलतं प्रायोगिक साहित्य आहेत.

फडक्याबद्दल आता. बाळं आईचा चेहरा फार लवकर ओळखू लागतात, तीन-चार दिवसांतच. पण कशावरून? पास्कालिस आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली आई आणि एक परकी बाई शेजारी शेजारी दाखवल्या, तेव्हा बाळं आईकडे जास्त वेळ बघत होती. मग दोघींच्या डोक्याला रुमाल बांधला. फरक पुसला गेला! नाक, डोळे, ओठ सगळं उघडं होतं, झाकली होती ती फक्त केसांची कड. एका महिन्याची बाळं चेहऱ्याच्या कडेवरच नजर फिरवत राहतात आणि दोन महिन्यांची झाली की आत डोळ्यांवर येतात, हे १९७६ साली डॅफ्ने मॉरर आणि फिलिप सॅलापाटेक यांनी दाखवलं होतं. तुझ्या लेकीची दृष्टी आपल्यापेक्षा दहा ते तीस पट धूसर. त्या धुक्यात काळे केस आणि उजळ कपाळ यांच्यामधली रेघ हीच ठळक खूण.

तेव्हा ती तुला टाळत नाहीये. जिथून माणूस ओळखायचं तिथेच शोधतेय, आणि तुझ्या आईने नेमकं तिथेच फडकं बांधलंय. (पण एक गोष्ट आहे. त्या अभ्यासात रुमाल आयत्या वेळी बांधला होता. तुझ्या लेकीने तुला पहिल्यापासून फडक्यातच बघितलंय, त्यामुळे तिच्या लेखी पांढरी कड म्हणजेच आई असणंही शक्य आहे. तसं असेल तर कडेला बघते ते तुलाच बघते.)

राहिला आवाज. तीन दिवसांच्या आतली बाळं आईचा आवाज ऐकायला मिळावा म्हणून चोखण्याची लय बदलतात, हे १९८० साली दिसलं. आणि २००५ च्या एका अभ्यासात, ज्या बाळांशी आई जन्मल्यापासून चाचणीपर्यंत बोललीच नव्हती त्यांना तिचा चेहरा ओळखता आला नाही. पोटातून आणलेली ओळख आवाजाची, चेहरा त्याला बाहेर आल्यावर चिकटतो. तू पाजताना बोलतेस का गं?

खवट

लेख छान. पण निष्कर्ष असा निघतो की बाळाला चेहरा कळतच नाही, वरून जड असलेली ताटली कळते. मग ‘बाळांना चेहरे आवडतात’ हे कशाला म्हणायचं? ‘बाळांना वर जास्त ऐवज आवडतो’ म्हणा. आमच्या दारावरच्या तोरणाकडेही बघतील.

आणि या विषयात लोक फार लवकर हुरळतात. २०१७ साली लँकेस्टरच्या मंडळींनी चौतीस आठवड्यांच्या गर्भांना आईच्या पोटाच्या कातडीतून उजेडाचे तीन ठिपके दाखवले आणि गर्भ सुलट ठिपक्यांकडे जास्त वेळा मान वळवतात असं जाहीर केलं. पोटातल्या बाळाला चेहरा ओळखू येतो म्हणून जगभर बातम्या. पुढच्याच वर्षी इतरांनी त्या निष्कर्षावर आक्षेप छापले. त्याच्या बातम्या झाल्या नाहीत. कातडी, चरबी आणि पाण्यातून ते ठिपके पलीकडे पोचेपर्यंत ठिपके तरी राहतात का, हे तुमच्या लॅबमध्ये बघा.

पाटी-पेन्सिल

खवट, शंका रास्त आहे आणि या क्षेत्रातल्या भांडणाचं मूळही तीच. पादुआची मंडळी बरीचशी तुमच्याच बाजूची: चेहऱ्यासाठी म्हणून वेगळी सोय नाही, नजरेच्या काही सर्वसाधारण आवडीनिवडी आहेत आणि चेहरा त्यात चपखल बसतो.

पण तुमच्या तोरणाला एक गोष्ट जमणार नाही. २००२ साली फारोनीच्याच मंडळींनी दोन ते पाच दिवसांच्या बाळांना एकाच बाईचे दोन फोटो दाखवले. एकात ती समोर बघतेय, दुसऱ्यात डोळे बाजूला. वरचा-खालचा ऐवज दोन्हीकडे सारखाच. बाळं समोर बघणाऱ्या फोटोकडे जास्त वेळ बघत होती. नुसत्या ताटलीच्या हिशेबात हे बसवायला ओढाताण करावी लागते.

माकडांवरचे दोन प्रयोग तर एकमेकांच्या तोंडावर उभे आहेत. जपानमध्ये सुगिता यांनी माकडांची पिल्लं सहा महिने ते दोन वर्षं चेहरा दिसू न देता वाढवली, सांभाळणारी माणसंसुद्धा मुखवट्यात. २००८ साली त्यांनी लिहिलं की पहिल्यांदा दाखवल्यावरही ती पिल्लं चेहऱ्यांच्या फोटोंकडे जास्त बघतात. उलट अमेरिकेत हार्वर्डला अशाच वाढवलेल्या पिल्लांच्या मेंदूत चेहऱ्यासाठीचे ठरावीक भाग तयारच झाले नाहीत आणि ती पिल्लं चेहऱ्यांपेक्षा हातांकडे जास्त बघू लागली, हे २०१७ चं. हात त्यांनी रोज बघितले होते. माझा कल दोन्ही मिळून काहीतरी असण्याकडे: ओढ ढोबळ आहे, पण ती आहे म्हणून बाळ बरोबर जागी शिकायला बसतं. वीस-तीस सेंटिमीटरवर येऊन हलणारी, बोलणारी, वरून जड अशी वस्तू बाळाच्या जगात माणसाशिवाय दुसरी असते तरी कुठली? तोरण काही बाळाला उचलून घ्यायला खाली येत नाही.

गर्भाच्या अभ्यासाबद्दल तुमच्याशी सहमत. मी तो वर्गात शिकवत नाही.

दोन चष्मे

मी सहसा फक्त वाचतो. इथे लिहावंसं वाटलं.

आमच्या मुलाला जन्मतः दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. आम्हाला कळलं नाही. तो आमच्याकडे बघत नाही असं बायको म्हणायची आणि मी म्हणायचो, बघेल, घाई काय आहे. माझ्या बहिणीने बारशाचे फोटो बघताना विचारलं, ह्याचं बुबुळ पांढरट का दिसतंय? अडीच महिन्यांचा असताना ऑपरेशन झालं. पहिला चष्मा घातला तेव्हा तो चष्मा त्याच्या तोंडापेक्षा मोठा होता. त्या दिवशी तो बायकोकडे नुसता बघत राहिला. तिने दुपारचं जेवण संध्याकाळी केलं.

आता नऊ वर्षांचा आहे. वाचतो, क्रिकेट खेळतो, बॉल मात्र मोठा लागतो. पण माझ्या मेहुण्याच्या दोघी मुली एकसारखे केस कापून आल्या की त्याची गडबड होते. एकीने तोंड उघडलं की लगेच नाव घेतो. मला वाटायचं लक्ष देत नाही. मग डॉक्टरांनी कॅनडातल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं, २००१ चा, त्यात वर उल्लेख आलेल्या मॉरर बाईही होत्या. जन्मानंतरचे दोन ते सहा महिने मोतीबिंदूमुळे काहीच न दिसलेली चौदा मुलं, तपासली तेव्हा नऊ ते एकवीस वर्षांची. डोळे किंवा तोंड बदललेलं त्यांना इतरांइतकंच ओळखता आलं. पण तेच डोळे, तेच तोंड ठेवून फक्त त्यांच्यातलं अंतर थोडं बदललं तर त्यांना कळेना. त्यानंतर कमीत कमी नऊ वर्षं त्यांना दिसत होतं, तरी ते भरून आलं नव्हतं.

म्हणजे ज्या काळात बाळ ‘नुसतं बघत असतं’ असं मी म्हणत होतो, त्या काळात एवढं काम चाललेलं असतं.

ताई, तुमच्या लेकीचं बघणं ऐकून तर सगळं ठीक वाटतंय. इतर वाचणाऱ्यांसाठी लिहितो: दोन महिन्यांचं होऊनही बाळ तोंडाकडे बघत नसेल, नजर सरकत्या वस्तूमागे जात नसेल, किंवा फोटोत बुबुळ पांढरं दिसलं, तर घरात चर्चा करत बसू नका. सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. बुबुळ पांढरं दिसलं तर त्याच आठवड्यात.

शेगडीपाशी

सगळ्यांचे आभार. दोन चष्मे, तुमचं लिहिणं मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून लेकीचे पत्रिकेसाठी काढलेले सगळे फोटो पुन्हा बघत बसली. बुबुळं काळीभोर आहेत.

अहवाल देते. लेक आता बावीस दिवसांची.

प्रयोग पहिला. बारशाच्या उरलेल्या पत्रिकेच्या कोऱ्या बाजूवर गोल, त्यात आईच्या तीन काळ्या टिकल्या. पंचवीस सेंटिमीटरवर धरून हळू सरकवायचं, सहा वेळा सुलट, सहा वेळा उलट. सुलटमागे चार वेळा नजर गेली, एकदा ती झोपली, एकदा शी केली. उलटमागे दोनदा गेली, तिसऱ्यांदा तिने भोकाड पसरलं आणि आईने पत्रिका काढून घेतली. निरीक्षणं अपुरी, उपकरण जप्त.

प्रयोग दुसरा. फडक्यावर वाटाघाटी. आई म्हणाली, एक वेळ जेवू नकोस पण कान उघडे ठेवू नकोस. शेवटी तोडगा असा निघाला की कानांत कापसाचे बोळे, खिडक्या बंद, पंखा बंद, दहा मिनिटं फडकं खाली. दुपारी बारा वाजता, उजेड दारातून वरून येईल असं बसून. लेक आधी बराच वेळ केसांकडेच बघत होती, भांगापासून कानापर्यंत आणि परत. मग खाली उतरली. अगदी डोळ्यांत बघितलं असं मी शपथेवर नाही सांगणार, भुवयांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी परत तेच, जरा लवकर.

पाटी-पेन्सिल, तुमचा प्रश्न बोचला. खरंच बोलत नव्हते मी. फोनवर सगळ्यांशी बोलायचे, तिच्याशी काय बोलायचं तेच सुचायचं नाही. आई आणि मावशी ‘कोण आलंय, कोण आलंय’ करतात तसं माझ्या तोंडून निघेना. शेवटी मला जे पाठ आहे तेच म्हणायला लागले. साधा लंबक: दोऱ्याची लांबी मोजा, गोळा अलगद सोडा, वीस आंदोलनांचा वेळ घ्या. ऐकते हो. लेन्सच्या प्रयोगापर्यंत आम्ही पोचलो आहोत. आई स्वयंपाकघरातून ओरडली, अगं तिला अंगाईगीत तरी म्हण, तिची काय तोंडी परीक्षा आहे का?

रात्रीचा फोन बंद केलाय, भिंतीवर वरच्या बाजूला छोटा दिवा लावलाय. हे म्हणूनच दुपारी लिहितेय.

प्रयोग तिसरा ठरवलेला नव्हता. काल आप्पा चष्मा ठेवून आंघोळीला गेले आणि मी तो घातला. मला काही म्हणजे काही दिसेना, मांडीवर एक फिकट गोल आणि त्यात दोन काळसर ठिपके, बस्स. तो गोल हलायचा थांबला आणि मोठा वेळ माझ्याकडे वळलेला राहिला. किती वेळ ते सांगता येत नाही, घड्याळही दिसत नव्हतं.

निवृत्त सिस्टर

चष्मा परत दे, डोकं दुखेल. आणि बोळे रोज बदला.